माळवद उतरविताना

आमच्या लोणी काळभोरच्या घराला कागदोपत्री मालक पुष्कळ आणि प्रत्यक्षात वाली कोणीच नाही, अशी त्याची अवस्था कित्येक वर्षे होती. पणजोबांच्या नावाखाली वारसनोंदींचे जे फाटे फुटत गेले, त्यांतले काही पुण्यात, काही मुंबईत आणि एक तर थेट मेलबर्नला जाऊन पोहोचला. गावठाणातली ती पाच खणांची मिळकत, जिच्या चतुःसीमा जुन्या खरेदीखतात मोठ्या तपशिलाने नोंदलेल्या आहेत, ती मात्र कुलूप, वाळवी आणि पारवे यांच्या वहिवाटीत राहिली. पलीकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग झाला आणि २०२० साली स्वामित्व योजनेच्या नावाने तशी मोजणी देशभर सुरू झाली, तेव्हा आमच्या भाऊबंदांतही मालमत्ता पत्रकाविषयी अकस्मात आस्था उत्पन्न झाली. आकाशातून घेतलेल्या त्या चित्रात हद्द अचूक उमटते; तुळई कोठे कुजली आहे ते उमटत नाही.

लोणीचे जे दर्शन सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्याला घडते, ते ट्रकांच्या रांगांचे, पेट्रोलच्या टाक्यांचे आणि नव्या सदनिकांच्या फलकांचे. राज कपूर यांच्या राजबागेच्या जागी आता विद्यापीठ उभे आहे. खडकवासल्याचे पाणी घेऊन येणाऱ्या मुठा कालव्याने या शिवारात ऊस पिकविला, आणि पुढे जमिनीच्या भावाने उसालाही मागे टाकले. या सगळ्या गडबडीच्या पोटात जुने गावठाण अजून आहे. फक्त त्यातली मातीची घरे एकेक करून स्लॅबखाली गेली आहेत. यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. गळक्या घरात पावसाळे काढलेल्या माणसाला स्लॅब म्हणजे मोक्ष वाटला, तर शहरात कोरड्या छपराखाली बसून त्याच्या अभिरुचीविषयी नाक मुरडण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

परंतु माळवदाचा स्वभाव वेगळा होता, आणि तो मला ते उतरवू लागेपर्यंत कळला नव्हता. तुळयांवर सर, सरांवर किलचे, किलच्यांवर कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला आणि त्यावर चोपून बसविलेली पांढरी माती, एवढाच त्याचा प्रपंच. पण हा प्रपंच दरसाल नव्याने मांडावा लागे. मृगाआधी पांढरीची माती आणायची, शिडीवरून पाट्यांनी वर चढवायची, पसरायची, चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, ही कामे एका कुटुंबाच्या आवाक्यातली नसत. म्हणून आज तुमच्या माळवदावर आम्ही आणि परवा आमच्यावर तुम्ही, अशी सावड चाले. शेतात इर्जिक घालावी, दहा जणांच्या बैलांनी एकाचे रान नांगरून द्यावे आणि त्याने सर्वांना जेवू घालावे, तसाच हा व्यवहार. माळवदी घर हे दर वर्षी माणसे मागणारे घर होते. स्लॅबने गळती थांबविली, आणि त्याबरोबरच वर्षातून एकदा शेजाऱ्याच्या दारात जाऊन ‘उद्या या बरं का’ असे म्हणण्याची गरजही संपविली. तेव्हा हायसे वाटले असणार, यात संशय नाही.

आमच्या घरी सावड घालावी अशी गावात आता मंडळी उरली नव्हती. ती आली पुण्याहून: महाविद्यालयातले जुने स्नेही, त्यांची मुले, वास्तुशास्त्र शिकणारा विद्यार्थ्यांचा एक घोळका, आणि कोणाच्या तरी ओळखीने आलेले एक निवृत्त बँक अधिकारी, ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या घरांची कर्जे मंजूर केली होती आणि घमेले मात्र प्रथमच उचलले होते. शिडीपासून परसापर्यंत माणसांची साखळी लागली आणि माळवदाची माती हातोहात खाली येऊ लागली. ती माती साधी नव्हती. गावच्या जुन्या पांढरीतून दरसाल खणून आणलेली, म्हणून तिच्यात खापऱ्यांचे तुकडे, राख, कोळसा, काचेच्या बांगड्यांचे हिरवे काच असे गावाच्या कित्येक पिढ्यांचे केर मिसळलेले होते. कडेला कापलेल्या भागात तिचे थर स्वच्छ दिसत, मध्येच एखादी काळपट रेघ, मग पुन्हा पांढरट पट्टा. आणि सगळ्यांची मिळून जाडी हातभराहून अधिक भरली.

ती जाडी पाहून आमच्यातले जे स्थापत्य अभियंता होते ते गप्प झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपात किल्लारी आणि भोवतालच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे मेली ती बहुतांशी अशाच माळवदांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. जुनी माती न काढता दरसाल नवी वर घालायची, या रीतीने छपराचे ओझे वाढत गेले होते. प्रत्येक वर्षीची ती पाटी घराच्या काळजीपोटीच चढविलेली होती, आणि याच काळजीने अखेरीस घरधन्याचा घात केला, हे वास्तव जुन्या घरांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावे अशा मताचा मी आहे. आम्ही माती पुन्हा वर चढविली नाही. सागाचे सर आणि किलचे शाबूत होते, ते ठेवले. कुजलेल्या तुळईला टेकू देऊन, जॅकने वाडगाभर पाणीही सांडणार नाही इतक्या सावकाशीने उचलून, तिच्या जागी दुसरी बसविली. आणि वर हवेला वाट ठेवून पत्र्याचे उतरते छप्पर घातले. पत्र्याला शोभा नाही. तो हलका आहे, एवढी एकच गोष्ट त्याच्या बाजूने बोलते, आणि ती पुरेशी आहे.

भिंतींचे काम मात्र नुसत्या उत्साहाने निभणारे नव्हते. गिलाव्याचा गारा, भाताचे तूस आणि शेण घालून, तुडवून, झाकून कुजत ठेवावा लागतो. त्याला आंबूस वास सुटला म्हणजे तो कामास येतो. मुलांनी गारा हौसेने तुडविला, पण थापीने भिंतीवर बसविताना तो निम्मा खाली येई. आणि संध्याकाळी ती परतली की आमचे गवंडीमामा, कोणास काही न बोलता, फुगलेला भाग खरवडून पुन्हा लिंपीत. त्यांना आम्ही रोज देत होतो. एके दिवशी चहाच्या वेळी त्यांनी विचारलेच, “ही पोरं फुकाट राबत्यात, मंग माझाच रोज कशापायी देता?”

मी म्हणालो, “त्यांची पोटं एक तारखेला भरतात, मामा.”

“आन् माझं सांजच्याला,” ते म्हणाले आणि उठले.

श्रमदान हा शब्द उच्चारताना आपल्या मुखावर जी एक सात्त्विक कांती येते, तिला या संवादाने थोडी झळ लागावयास हवी. विनामूल्य श्रम ही काही आपल्याकडे नवलाची वस्तू नव्हती. वेठ या नावाने ती गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या वसूल केली जात होती, आणि वतनाच्या नावाखाली महार समाजाकडून करून घेतल्या जाणाऱ्या राबणुकीविरुद्ध डॉ. आंबेडकरांना १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडावे लागले. ती वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडले. आमच्या जोत्याचे घडीव दगड कोणी वाहिले, त्यांना त्याबद्दल काय मिळाले, की काहीच मिळाले नाही, याचा दाखला आमच्या दप्तरात नाही. खरेदीखतात मात्र त्या दगडांच्या किमतीसकट सर्व काही आहे. सावड आणि वेठ यांत श्रमाचा फरक नसतो, नकार देता येतो की नाही याचा असतो. मुलांना रविवारी न येण्याची मुभा होती. म्हणून त्यांचे काम सुंदर, आणि म्हणूनच मामांचा रोज बिनतक्रार, वेळेवर, त्याच दिवशी देणे हा त्या सौंदर्याचा पाया.

मदत करण्याइतकीच ती घेणेही अवघड असते. पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दनजवळच्या एन या फ्रेंच खेड्यात पियेर सेरेसोल नावाचा स्विस अभियंता १९२० साली स्वयंसेवकांची तुकडी घेऊन घरे उभारण्यास गेला. त्या तुकडीत जर्मनही होते, आणि काही महिन्यांतच तिला काम सोडून निघावे लागले, कारण कालच्या शत्रूच्या हाताने आपली भिंत उभी राहावी हे तिथे मानवण्यासारखे नव्हते. हाच सेरेसोल पुढे १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमधल्या खेड्यांत येऊन राबला. एनच्या लोकांना मी हसणार नाही. पैसे चुकते केले की संबंध मिटतो, ही आमच्या शहरी पिढीची मोठी सोय. ज्याला पैसे घ्यायचे नाहीत त्याच्यासमोर आपण उघडे पडतो. बँकेतले ते गृहस्थ डोक्यावर घमेले घेऊन शिडी उतरत असताना मला जो संकोच वाटे, तो केवळ त्यांच्या गुडघ्यांच्या काळजीचा नव्हता.

तो संकोच पालखीने मोडला. तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की लोणी काळभोरला मुक्काम करते, आणि ज्येष्ठाच्या वद्य पक्षात गावातली प्रत्येक ओसरी वारकऱ्यांची होते. काम त्यापूर्वी उरकणे भाग होते. उरकले नाही, आतल्या सोप्याला चुना लागायचा राहिला, एका दाराला आगळ नव्हती. तरीही मराठवाड्यातून आलेली एक दिंडी घरात शिरली, पथाऱ्या पसरल्या, आणि त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी वरचे नवे छप्पर निरखून, “माती काढली ते ब्येस केलं,” एवढाच शेरा मारला. त्यांनी कोणाचे आभार मानले नाहीत, आणि आपण आगंतुक आहोत अशी पुसटशीही छटा त्यांच्या वागण्यात नव्हती; ओसरी असते ती यासाठीच, हे त्यांच्या दृष्टीने इतके उघड होते की त्यापुढे माझा मालकीहक्क, ड्रोनच्या मोजणीसह, फारच अशक्त वाटला.

सावडीचा हिशेब वहीत लिहीत नाहीत, पण तो विसरतही नाहीत. येत्या वैशाखात मुळशी तालुक्यातल्या एका स्नेह्याच्या घराची कौले उतरवून, पुसून, फुटकी बदलून पुन्हा चढवायची आहेत, असा निरोप परवाच आला. त्यात किती दिवस लागतील याचा उल्लेख नाही. दुपारी इंद्रायणीचा भात आणि खेकड्यांचा रस्सा असेल, याचा मात्र आहे.