आधी उजेड, मग लेन्स, शेवटी कॅमेरा

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात कॅमेऱ्याचा हंगाम सुरू होतो. गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा, मंडईच्या रात्री उभं राहणारं पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक, तुळशीचं लग्न लागल्यावर माणसांची लग्नं, आणि याच दिवसांत पिटेझरीच्या फाटकातून नागझिऱ्यात किंवा कोका अभयारण्यात शिरणाऱ्या जिप्सी. इथल्या छायाचित्रकाराला ही सगळी कामं बहुधा एकाच कॅमेऱ्यावर काढावी लागतात, कारण लाखांच्या घरातली बॉडी दर दोन वर्षांनी बदलणं परवडत नाही. म्हणून डीएसएलआर सोडून फुल-फ्रेम मिररलेसकडे वळताना प्रश्न येतो तो थेट दोन नावांचा: सोनीचा अल्फा ७ फोर घ्यावा की कॅननचा आर६ मार्क टू? माझं म्हणणं असं की हा प्रश्न उलट्या टोकाकडून विचारला जातो. आपल्या कामाचा उजेड किती आणि विषय किती लांब, हे आधी ठरलं पाहिजे. त्यावरून लेन्स ठरते, आणि लेन्स ठरली की बॉडीचा निर्णय बराचसा आपोआप होतो. बॉडीपासून सुरुवात करणारा माणूस बहुतेक वेळा पैसे चुकीच्या जागी घालतो.

कागदावर हे दोन कॅमेरे सख्ख्या भावांसारखे आहेत. सोनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाला, कॅनन नोव्हेंबर २०२२ मध्ये. सेन्सर दोघांचा ३६ बाय २४ मिलिमीटरचा, व्ह्यूफाइंडर दोघांचा ३६.८ लाख ठिपक्यांचा, वजन अनुक्रमे सुमारे ६५८ आणि ६७० ग्रॅम. माणसाचा, प्राण्याचा आणि पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरून ठेवणं दोघांनाही जमतं. मग नजर जाते ती उरलेल्या आकड्यांवर: सोनी ३३ मेगापिक्सेल, कॅनन २४. या फरकाचा खरा आवाका गणिताने बघावा. सोनीच्या चित्राची रुंदी ७००८ पिक्सेल, कॅननची ६०००, म्हणजे बाजूच्या मापात फरक जेमतेम १७ टक्के. कॅननवर ४०० मिमीची लेन्स जेवढं जवळ आणते, तेवढे पिक्सेल सोनीवर साधारण ३४० मिमीला मिळतात. अल्बमच्या १२ बाय १८ इंची पानाला ३०० डीपीआयने छापायला ५४०० पिक्सेल लागतात. ते दोघांकडेही आहेत. स्थिरीकरणाचंही तसंच. कॅनन आठ स्टॉप सांगतो, सोनी साडेपाच. पण ते स्थिरीकरण आपला हात स्थिर करतं; पळणारं चितळ किंवा रंगमंचावर गिरकी घेणारा नट त्याने स्थिर होत नाही. त्यासाठी शटर वेगवानच लागतो, आणि वेगवान शटरला उजेड लागतो.

तो उजेड इथे किती असतो? हिवाळ्याच्या सकाळी, ऊन झाडांच्या शेंड्यांवरच असताना, साग-ऐनाच्या जंगलातल्या सावलीचं प्रकाशमूल्य (ईव्ही) सात धरू. हालचाल गोठवायला १/५०० सेकंदाचा शटर हवा. एवढ्या उजेडात एफ/४ च्या लेन्सला सुमारे ६,४०० आयएसओ लागतो, एफ/६.३ ला सुमारे १६,०००, आणि एफ/९ ला थेट ३२,००० च्या आसपास. हा फरक पूर्णपणे लेन्सच्या तोंडाचा आहे, बॉडीला त्यात काहीही म्हणायचं नाही. या दोन सेन्सरांची चित्रं सारख्या आकारात ठेवून पाहिली तर त्यांच्या नॉइजमधला फरक एका स्टॉपच्याही बराच आत राहतो, एफ/६.३ आणि एफ/९ यांच्यातला फरक मात्र पुरा एक स्टॉप असतो. म्हणजे ज्या चिंतेपायी लोक रात्र-रात्र सेन्सरची तुलना करत बसतात, ती लेन्सच्या एका निवडीने मिटते किंवा दुप्पट होते.

म्हणून खरी तुलना दोन माउंटांची करायची. सोनीचा ई माउंट बाहेरच्या कंपन्यांना मोकळा आहे. सोनीची स्वतःची २००–६०० एफ/५.६–६.३ तर आहेच, शिवाय सिग्माची १५०–६०० आणि टॅमरॉनची १५०–५०० याही लेन्स त्यावर ऑटोफोकससह चालतात. कॅननने आरएफ माउंट फुल-फ्रेमसाठी बराच काळ बंद ठेवला. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवाने मिळाले तेही छोट्या सेन्सरच्या लेन्सपुरते. म्हणून कॅननच्या गिऱ्हाइकाला लांब पल्ल्यासाठी प्रामुख्याने कॅननकडेच पाहावं लागतं: अवघ्या ६३५ ग्रॅमची आणि खिशाला सोसणारी १००–४००, जी लांब टोकाला एफ/८ होते, महाग पण सुबक १००–५००, जी एफ/७.१ ला थांबते, आणि २००–८००, जी एफ/९ पर्यंत उतरते. सोनीची २००–६०० दोन किलोंहून जड आहे, दिवसभर हातात धरणं सोपं नाही. पण झूम करताना ती लांब होत नाही, आणि नागझिऱ्याच्या कच्च्या रस्त्यांवरच्या धुळीत हा गुण साधा नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावांवर उतरलेली बदकं आणि धानाच्या बांध्यांतला सारस टिपणाऱ्याने लांब लेन्सकडे आणखी एका कारणासाठी पाहावं: बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या काठी घरटं करणाऱ्या सारसापासून आपण जितके दूर, तितका तो सुरक्षित. पल्ला ही इथे सोय नव्हे, जबाबदारी आहे.

आता रंगमंच. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं, दिव्यांचे रंग सारखे बदलत असतात आणि उजेड तोकडा असतो. साधारण त्याच प्रकाशमूल्यात १/२५० चा शटर ठेवला तर एफ/२.८ च्या लेन्सला १,६०० आयएसओ पुरतो, एफ/६.३ वर अडकलेल्या झूमला ८,००० लागतो. पुन्हा लेन्सच. बॉडीच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो तो आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरचा. कॅननचा सेन्सर साधारण १५ मिलिसेकंदांत वाचून होतो, सोनीच्या सेन्सरला ६६ च्या आसपास लागतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात, त्यामुळे वेगवान शटरला सोनीच्या चित्रावर सहा-सात आडवे पट्टे उमटू शकतात, कॅननच्या चित्रावर एक-दोन. मुद्दा खरा आहे, पण त्याची जागा इथे नाही. वाद्यांच्या गजरात आणि प्रेक्षकांच्या टाळ्यांत शटरचा आवाज कुणाच्या कानावर जात नाही. यांत्रिक शटर वापरावा, दिव्यांची मिणमिण सांभाळणारी सोय चालू ठेवावी. ती दोघांतही आहे. मूक शटरची खरी गरज जंगलात पडते, पाणवठ्यावर सावध उभ्या असलेल्या जनावरासमोर. तिथे एलईडी नसतात, पण फडफडणारे पंख असतात, आणि सावकाश वाचणाऱ्या सेन्सरवर ते पंख वाकडे उमटतात. इथे कॅनन निःसंशय पुढे आहे. यांत्रिक शटरने तो सेकंदाला १२ फ्रेम काढतो, मूक शटरने ४० पर्यंत. सोनीचा दहाचा वेग रॉ फाइल गुणवत्ता गमावून दाबली तरच मिळतो. काहीही न गमावता दाबायची म्हटली तर तो सहाच्या आसपास येतो.

बॉडीला निर्णायक मत असणारी दुसरी जागा म्हणजे लग्नाचा व्हिडिओ. वरातीतला नाच संथ गतीत दाखवायला ४के मध्ये सेकंदाला ६० फ्रेम लागतात. तिथे सोनी सेन्सरचा मधला भागच वापरतो, त्यामुळे २४ मिमीची लेन्स ३६ मिमीसारखी वागते. कॅनन पूर्ण रुंदी देतो. गावाकडच्या अंगणात, मांडवाच्या खांबाला पाठ टेकवून उभं राहणाऱ्याला मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे हा फरक त्याला रोज बोचेल. लेन्सच्या बाजूने सोनीकडे टॅमरॉनची २८–७५ एफ/२.८ बऱ्याच कमी पैशांत मिळते. कॅननला अशी हलकी २८–७० एफ/२.८ आणायला २०२४ उजाडलं. पण ज्या स्टुडिओत कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स आधीच कपाटात आहेत, त्यांचं गणित वेगळं. कॅननचा अडॅप्टर लावला की त्या आर६ वर नीट चालतात, आणि नव्या लेन्सचा खर्च एकरकमी पडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा: लेन्सच एवढी महत्त्वाची, तर फुल-फ्रेम हवाच कशाला? आक्षेप वजनदार आहे. २०२२ चा कॅनन आर७ आपल्या छोट्या सेन्सरवर ३२.५ मेगापिक्सेल बसवतो; आर६ मार्क टूच्या चित्रातून तेवढाच तुकडा कापला तर साडेनऊच्या आसपास उरतात. फक्त पक्ष्यांसाठी कॅमेरा घेणाऱ्याने फुल-फ्रेमचा हट्ट सोडावा, असं मी स्पष्ट म्हणेन. कसंही कापायचंच असेल तर मोठ्या सेन्सरचा उजेडाचा फायदाही कापला जातो. पण नाटक आणि लग्न ही कामं चौकट भरून होतात, तिथे मोठ्या सेन्सरवर अडीचपट उजेड पडतो. ज्याची मिळकत त्या कामांवर आहे त्याच्यासाठी फुल-फ्रेमच योग्य. दुसरा आक्षेप: कॅनन एक वर्षाने नवा, म्हणजे चांगलाच असणार. तर नव्या आवृत्त्या येतच राहणार, आणि त्या आल्या की आधीच्या बॉडीची किंमत उतरते. चांगल्या लेन्सची किंमत मात्र त्या मानाने टिकून राहते, आणि ती पुढच्या बॉडीवरही चालते. हा आक्षेप उलट माझंच म्हणणं पक्कं करतो. तिसरा आक्षेप तुलनेच्या पद्धतीवर आहे: नमुने समोर असताना गणित कशाला? कारण ते नमुने पडद्यावर शंभर टक्के मोठे करून पाहिले जातात, आणि तसं केलं की ३३ मेगापिक्सेलचं चित्र अधिक मोठं दिसून त्याचा नॉइजही मोठा भासतो. छापील पानावर दोन्ही चित्रं एकाच मापाची असतात.

तेव्हा तुलना करायची तर ती आपल्या उजेडात करावी. दोन्ही बॉड्या एक दिवसासाठी भाड्याने घ्याव्यात. एकच विषय, एकच फोकल लेंग्थ, एकच शटर आणि एकच एफ-क्रमांक ठेवावा. रॉ फाइल काढावी, कारण जेपेगमध्ये कंपनीची रंगरंगोटी मिसळलेली असते. सोनीचं चित्र ६००० पिक्सेल रुंदीला आणून मगच दोन्ही शेजारी ठेवावीत. आणि फोकसची परीक्षा दुकानाच्या लख्ख उजेडात न घेता मांडवातल्या रंगीत दिव्यांखाली घ्यावी.

माझा निष्कर्ष सरळ आहे. ज्याचं पोट लग्नाच्या व्हिडिओवर आहे, किंवा ज्याच्याकडे ईएफ लेन्स आहेत, त्याने कॅनन घ्यावा. ज्याला शून्यातून सुरुवात करून लांब आणि उजळ लेन्स मर्यादित पैशांत उभ्या करायच्या आहेत, त्याने सोनी घ्यावा आणि मूक शटरची उणीव मान्य करून घ्यावा. दोघांनीही बजेट आखताना पहिली ओळ लेन्सची लिहावी आणि उरेल त्यात बॉडी बसवावी; त्यासाठी आधीच्या आवृत्तीची किंवा वापरलेली बॉडी घ्यावी लागली तरी बिघडत नाही. मंडईच्या रात्री नटाच्या चेहऱ्यावर जो थोडका उजेड पडतो, तो आत येतो लेन्समधूनच. तो येईल एवढं तोंड लेन्सला असेल, तर या दोघांपैकी कुठलाही कॅमेरा आपलं काम चोख करील.