गाल्स्टनचे पाद्रीबुवा आणि आमचं डब्याचं इंजिन

भारतातून पाहुणे आले की आपल्या स्कॉटलंडमधल्या मंडळींचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या शनिवारी एडिंबराचा किल्ला, दुसऱ्या शनिवारी लॉक लोमंड आणि पाहुणे फारच हौशी असले तर लॉक नेसपर्यंत मजल! आज मी तुम्हाला या यादीत नसलेल्या एका गावाला नेणार आहे.

गावाचं नाव गाल्स्टन. ग्लासगोहून एम-७७ ने किल्मार्नकपर्यंत यायचं आणि तिथून ए-७१ ने पूर्वेकडे वळायचं. पाचेक मैलांवर अर्विन नदीच्या काठी हे छोटंसं गाव लागतं. पुढची न्यूमिल्न्स आणि डार्व्हल ही गावं लेसच्या विणकामासाठी नावाजलेली. गाल्स्टनला मात्र पाहायचं ते इथलं पॅरिश चर्च. १८२४ पासून १८७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल ५४ वर्षं, रेव्हरंड रॉबर्ट स्टर्लिंग इथले पाद्री होते. आणि गरम हवेवर चालणाऱ्या ज्या इंजिनाला आज जगभर ‘स्टर्लिंग इंजिन’ म्हणतात, ते यांचंच!

स्टर्लिंग यांचा जन्म १७९० चा, पर्थशायरमधल्या मेथव्हेनजवळचा. १८१६ साली ते किल्मार्नकला पाद्री झाले आणि त्याच वर्षी त्यांनी इंजिनाच्या पेटंटसाठी अर्जही केला. त्या काळी वाफेचे बॉयलर फुटून माणसं दगावत. या इंजिनात बॉयलरच नाही. कोंडलेली हवा एका टोकाला तापवायची, दुसऱ्या टोकाला थंड करायची, बस्स! १८१८ मध्ये असं एक इंजिन एअरशायरमधल्या दगडाच्या खाणीत पाणी उपसायला बसवलं होतं. गंमत म्हणजे त्यांचा मुलगा पॅट्रिक पुढे नाव कमावून बसला तो मात्र रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांत!

आम्ही गाल्स्टनला गेलो ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे सासरे. सारी हयात किर्लोस्करवाडीला लेथवर गेलेली. सासूबाई गेल्यानंतर ते प्रथमच सहा महिन्यांसाठी इकडे आले, ते नेमके ऑक्टोबरात. डिसेंबरात चारच्या आत अंधार, आम्ही दोघंही कामावर. आमच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांचं मराठी ‘जेवलो’, ‘नको’ आणि ‘थांब ना’ एवढंच. आजोबा-नातू एकमेकांकडे बघून प्रेमाने हसत आणि संभाषण तिथेच संपे. एक दिवस अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, “सूनबाई, मला काहीतरी काम दे गं.” मी लसूण सोलायला दिला. अर्ध्या तासात पाव किलो लसूण सोलून अण्णा पुन्हा दारात हजर!

सुदैवाने त्याच सुमारास शाळेत स्कॉटिश संशोधकांवर प्रकल्प निघाला आणि चिरंजीवांच्या वाट्याला स्टर्लिंग आले. टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली गेली, आणि काम सुरू झालं.

साहित्य सगळं घरातलंच. बेक्ड बीन्सचा रिकामा पत्र्याचा डबा. त्यात भांडी घासायच्या तारेच्या घासणीची सैलसर गुंडाळी, झाकणाच्या बारीक भोकातून मासेमारीच्या दोऱ्याने टांगलेली. झाकणाभोवती थंड पाण्यासाठी पत्र्याची कड. डब्याच्या बाजूला छोटी नळी, तिच्या तोंडाशी एक डबी आणि डबीवर ताणून बसवलेला फुगा. हाच आमचा दट्ट्या. वर सायकलच्या स्पोकचा दांडा, त्यात एकमेकांशी काटकोनात दोन वाक. फ्लायव्हील म्हणून नाट्यगीतांच्या दोन जुन्या सीडी, आणि खाली मेणबत्ती.

घासणी वर असते तेव्हा हवा तळाशी जाऊन तापते, फुगते आणि फुगा वर ढकलते. घासणी खाली आली की तीच हवा वर थंड पाण्याखाली जाते, आक्रसते आणि फुगा आत खेचला जातो. खरी खुबी त्या घासणीत आहे. गरम हवा तिच्यातून वर जाताना आपली उष्णता तारांपाशी ठेवून जाते आणि परत येताना उचलून घेते. स्टर्लिंग यांनी याला ‘इकॉनॉमायझर’ म्हटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर काटकसर!

चार रविवार इंजिन ढिम्म. “याचे शत्रू दोन,” अण्णा म्हणाले. “घर्षण आणि गळती.” मग पंक्चरवाल्यासारखं सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधणं सुरू झालं. अण्णा हात पुढे करत, “कानस!” मुलगा कानस देई. “पक्कड!” पक्कड येई. “इथे डाख दे.” पाचव्या रविवारी सीडी गरगरली आणि मेणबत्ती संपेपर्यंत फिरत राहिली. त्या दिवशी आमच्याकडे जेवायला नऊ वाजले.

एप्रिलमध्ये अण्णा परत जायच्या आधी आम्ही गाल्स्टनला गेलो. चर्चसमोर उभं राहून मी त्यांना पुढची हकिगत सांगितली. १८४३ साली रॉबर्ट आणि त्यांचे इंजिनियर भाऊ जेम्स यांनी डंडीच्या एका फाउंड्रीत मोठं इंजिन चालवलं, पण चार वर्षांत ते बंद करावं लागलं.

“अण्णा, त्यांचा दट्ट्या गळत होता?” मुलाने विचारलं. मराठीत!

“दट्ट्या नाही रे. तापणारं लोखंड टिकेना.”

अगदी तसंच झालं होतं. सतत तापणारं टोक तडकत असे. तसं चांगलं पोलाद तेव्हा नव्हतं. इंजिन मात्र संपलं नाही. रॉकेलच्या दिव्यावर चालणारे याच जातीचे पंखे पुढे आपल्या हिंदुस्थानातही आले आणि स्वीडनच्या गॉटलँड जातीच्या पाणबुड्या पाण्याखाली याच इंजिनावर चालतात.

स्टर्लिंग यांची एक छोटी प्रतिकृती ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयाकडे आहे. लॉर्ड केल्विन ती वर्गात वापरत.

तर मंडळी, पुढच्या वेळी आईवडील आले की किल्ले, तळी जरूर दाखवा. पण एक पक्कड, एक कानस आणि दोन रिकामे डबेही काढून ठेवा. डाख देताना आणि मेणबत्ती पेटवताना मुलांजवळ मोठं माणूस हवं, आणि ते तर घरात आलेलंच असतं!