वर्षभराचं प्रमाणपत्र

चि. मनू,


बी.ए.ला शिक्षणशास्त्र घ्यायचं तू ठरवलंस, आणि घरात सगळे म्हणताहेत, ‘वर्षात सर्टिफिकेट मिळतंय ना, मग लगेच शाळेत लाग.’ तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. विषय जरूर घे. पण त्या सर्टिफिकेटानं काय मिळतं आणि काय नाही, हे समजून घेऊन मगच फॉर्म भर.

यूजीसीच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाची 40 क्रेडिट्स आणि उन्हाळ्यात 4 क्रेडिट्सचा व्यावसायिक कोर्स केला, की तिथंच थांबणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. सोडून गेलेल्याला तीन वर्षांत परत येता येतं. पदवी मात्र सात वर्षांच्या आत पुरी करावी लागते. ही सोय मला मनापासून पटते. लग्नापायी, पैशापायी एफ.वाय.नंतर शिक्षण सुटलेल्या मुलींच्या हाती पूर्वी गुणपत्रिकेपलीकडे काही उरत नसे.

पण या प्रमाणपत्रानं शिक्षिका होता येत नाही. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर सहसा बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. ही पदविका आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा हवी. नुसत्या बी.एड.वर या वर्गांसाठी पात्र ठरता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2023 रोजी दिला. मग वर्षभराच्या कागदाची काय कथा! अर्हता नसलेल्या मुलींना तुटपुंज्या पगारावर राबवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. तू त्यात अडकू नयेस, म्हणून एवढं लिहिते आहे.

मग हा विषय घ्यायचा कशाला? सांगते. तिसरीतल्या मुलाला 52 मधून 27 वजा करायला दे. बरीच मुलं 35 लिहितात. आपण फुली मारतो आणि तसलीच आणखी दहा गणितं घालतो. त्याऐवजी ‘कसं केलंस?’ एवढंच विचार. ते म्हणेल, ‘पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच.’ मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम त्यानं स्वतःच बांधलेला असतो आणि मूल तो इमानानं पाळत असतं. दहा गणितं दिलीस तर दहाही तशीच चुकतील. त्याच्यापुढे काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेव. म्हण, ‘यातल्या सत्तावीस मला दे.’ दोन जुड्या दिल्यावर सात सुट्या काही निघेनात, की ते आपणहून एका जुडीचं रबर काढतं. मुलाच्या चुकीमागचा विचार असा हुडकता येणं, हे मला या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडला हेच मोठ्या पटावर केलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. त्यांना आळशी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. या दोघींनी शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा काढली. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मिळालं तर सुट्टीत वाच.

तेव्हा दोनच गोष्टी ऐक. लहान मुलांनाच शिकवायचं असेल, तर आत्ताच डी.एल.एड.ला अर्ज कर. पदवी नंतरही करता येईल. मोठ्या वर्गांवर जायचं असेल, तर शाळेत शिकवला जाणारा विषय मुख्य ठेव, शिक्षणशास्त्र मायनरला घे, पदवी पुरी कर आणि मग बी.एड. पहिल्या वर्षानंतर अगदीच नाइलाज झाला तरच थांब. आणि कॉलेजात आधी विचार, या विषयात प्रत्यक्ष शाळेत किती वेळ पाठवतात? नुसत्या नोट्स उतरवून घेणार असतील तर दुसरं कॉलेज बघ.

प्रवेशाची मुदत संपायच्या आत फोन कर. फॉर्म आपण मिळून भरू.

तुझी,
मावशी