शेवटचा भाग

रात्रीच्या जेवणाची वेळ ज्या घरांत मालिकेवरून ठरते, अशा एका घरात मी वाढले आणि अशाच दुसऱ्या घरात नांदते. माहेर जिंतूर तालुक्यातलं, सासर परभणी शहरातलं. त्यामुळे एखादी मालिका भलत्याच वळणावर संपली आणि बायका चिडल्या, हळहळल्या, तर मला ते हसण्यावारी नेता येत नाही. ‘टीव्हीतल्या खोट्या माणसांसाठी कशाला जीव जाळता,’ असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांनी एकच गोष्ट वर्षानुवर्षं, रोज ठरल्या वेळी, हातातलं काम बाजूला सारून ऐकलेली नसावी.

गोष्ट ऐकायला आम्ही टीव्हीकडून शिकलो नाही. आमच्याकडे घरात लग्न झालं की गोंधळ होतोच. परभणीच्या राजारामबापू कदमांनी या कलेचं नाव फार मोठं केलं. आमच्या गावात येणारे गोंधळी तेवढे नावाजलेले नव्हते, पण रात्र जागवायचे. संबळ, तुणतुणं, पेटती दिवटी आणि मधोमध उभा राहून आख्यान लावणारा मुख्य गोंधळी. जांभूळ आख्यान मी लहानपणीच ऐकलं. द्रौपदीच्या मनात कर्ण होता, ही गोष्ट बसलेल्या प्रत्येकाला माहीत असायची. तरी कुणी उठायचं नाही. गोंधळ्याची नजर सतत समोरच्या माणसांवर फिरत असायची. म्हातारे पेंगायला लागले की संबळ चढायचा, साथीदार मधेच काहीतरी विचारून हशा पिकवायचा. बायकांनी डोळ्यांना पदर लावला की तोच गोंधळी आवाज खाली आणून तिथेच रेंगाळायचा. आख्यान तासभर लांबायचं, कधी आखडायचं. पण द्रौपदी द्रौपदीच राहायची, कर्ण कर्णच राहायचा आणि उजाडायच्या आत आरती व्हायची.

२५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा आमच्या गावात मोजकेच टीव्ही होते, तेही काळेपांढरे. रविवारी सकाळी वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. आजी अंघोळ करून, हळदकुंकू लावूनच पडद्यासमोर बसायची. ३१ जुलै १९८८ला राज्याभिषेक झाला आणि मालिका संपली. सगळे समाधानाने हात जोडून उठले, आजी उठली नाही. ‘रामाला गादीवर बसवलं अन् निघाले. आता सीतेचं कोण बघायचं?’ असं ती म्हणाली. मराठवाड्यातल्या बायकांनी जात्यावर दळताना रामापेक्षा सीताच जास्त गायली आहे. तिचा दुसरा वनवास, तिचं बाळंतपण, लव आणि अंकुश, शेवटी धरणीच्या पोटात जाणं. हे सगळं गाळून रामायण संपतंच कसं, हे आजीला कळत नव्हतं.

त्याच सुमारास तिकडे पंजाबात, जालंधरला, वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी याच मागणीसाठी काम बंद ठेवलं होतं. ज्या ऋषीला ते आपला मानतात, त्याच्या आश्रमात सीता राहिली, लवकुश वाढले, आणि नेमका तेवढाच भाग दाखवायचा नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. पुढे ‘उत्तर रामायण’ आलं. मी हे मोठेपणी वाचलं, आजी गेल्यानंतर. आपलं म्हणणं इतक्या दूरच्या, ओळखपाळख नसलेल्या माणसांनी रस्त्यावर उतरून मांडलं होतं, हे तिला सांगायला मिळालं असतं तर फार बरं वाटलं असतं.

मग केबल आली. १९९९मध्ये अल्फा मराठी, वर्षभरात ई टीव्ही मराठी. ‘आभाळमाया’मधल्या सुधा जोशींचं वागणं बरोबर की चूक, यावर आमच्या ओसरीत भांडणं व्हायची. ‘चार दिवस सासूचे’ २००१मध्ये सुरू झाली आणि २०१३च्या जानेवारीत संपली. तीन हजारांवर भाग. ती सुरू झाली तेव्हा मी कॉलेजात होते, संपली तेव्हा माझी मुलगी शाळेत जायला लागली होती. मधल्या वर्षांत भारनियमनाने खेड्यांचा जीव काढला. आमच्या शिवारापासून फार लांब नाही ते येलदरीचं धरण, तिथे वीज तयार होते, आणि आम्ही संध्याकाळी कंदिलाची काच पुसत बसायचो. कितीतरी मालिकांचे शेवट मायने पाहिलेच नाहीत. मी परभणीहून फोनवर सांगायचे आणि ती ते शेजारणींना सांगायची. माझ्या तोंडून निघालेला शेवट तिच्या तोंडून गावात पोचेपर्यंत पुष्कळ बदललेला असायचा. खलनायिकेला चांगली अद्दल घडलेली असायची, सुनेला माहेरचा आधार मिळालेला असायचा. मला अजूनही वाटतं, की मायने सांगितलेले ते शेवट मूळच्यांपेक्षा सरस होते. कारण ती सांगताना समोरच्या बायकांचे चेहरे बघत होती.

इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. त्या काळात कोणती मालिका किती बघितली जाते याची मोजणी शहरांपुरती होती. खेडी त्यात धरली जाऊ लागली ती ‘बार्क’ या संस्थेने मोजणी हाती घेतल्यावर, ऑक्टोबर २०१५पासून. म्हणजे माझी आजी, माय, गल्लीतल्या सगळ्या बायका इतकी वर्षं टीव्हीसमोर बसल्या, पण त्या मालिका करणाऱ्यांच्या हिशेबात कुठे नव्हत्याच. आता मोजतात. दर गुरुवारी आकडे येतात. पण आकडा एवढंच सांगतो, की टीव्ही चालू होता. समोर बसलेली बाई रडत होती, वैतागली होती की गोष्ट आता तरी सुधारेल या आशेने बसून होती, हे तो सांगत नाही. आणि आकडा चांगला असला की गोष्ट थांबवायची कुणाची छाती होत नाही. गोंधळ्याला पहाटेपर्यंत संपवावंच लागतं. मालिकेची पहाट कधी व्हायची ते आकड्यावर ठरतं.

‘तुला पाहते रे’ १३ ऑगस्ट २०१८ला सुरू झाली. सुबोध भावेंचा विक्रांत सरंजामे आणि गायत्री दातारची ईशा निमकर. वयात वीस वर्षांचं अंतर. मायला हे जोडपं पटणार नाही अशी माझी खात्री होती, पण तिलाच ते सगळ्यात आधी आवडलं. मोठा माणूस इतका हळुवार बोलतो, विचारून विचारून वागतो, याचं तिला अप्रूप होतं. तिच्या वाट्याला असं बोलणं फारसं आलं नव्हतं, असं मी आता म्हणू शकते. मग लग्न झालं, पुनर्जन्म आला, आणि हा विक्रांत मुळात गजा पाटील, त्यानेच पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा, काटा काढला असं निघालं. कदाचित लिहिणाऱ्यांच्या मनात हे पहिल्यापासून असेल. तसं असलं तरी मायला जे लागलं ते खरंच होतं. ‘म्हणजे गोड बोलत होता ते सगळं खोटंच?’ हे तिने मला एकदा नाही, अनेकदा विचारलं. जुलै २०१९मध्ये मालिका संपली. शेवटचा भाग लागला तेव्हा ती भाकरी थापत होती, आणि भाकरी थापून झाल्यावरही टीव्हीपुढे आली नाही.

पण खरी घोर निराशा केली ती ‘रात्रीस खेळ चाले’ने. फेब्रुवारी २०१६मध्ये पहिलं पर्व आलं. सिंधुदुर्गातलं आकेरी, नाईकांचा वाडा, मालवणी बोली. अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात आणि घराला ग्रहण लागतं. आमच्याकडे मालवणी कुणाला येत नव्हती, तरी पांडूचं ‘इसारलंय’ पोरासोरांच्या तोंडी बसलं. २०१९च्या जानेवारीत दुसरं पर्व आलं, ते मागच्या काळातलं, अण्णा जिवंत असतानाचं. माधव अभ्यंकरांचे अण्णा, शकुंतला नरेंची माई, अपूर्वा नेमळेकरची शेवंता. मराठी मालिकेत इतका दुष्ट आणि इतका खराखुरा माणूस मी तरी पाहिला नव्हता. गावोगावी असे जमीनदार होऊन गेलेत. कोकणातला वाडा आणि मराठवाड्यातली गढी, आतल्या बायकांचं जिणं सारखंच. माई नवऱ्याचं सगळं जाणते आणि तरीही ताट वाढते, हे माय टक लावून बघायची. शेवंतावर तिचा राग होता, पण शेवंता फसत चालली तसा तो उतरत गेला. एका मालिकेने सत्तरीच्या बाईला एका परस्त्रीची कीव करायला लावली, हे मला मोठंच काम वाटतं.

आणि मग मार्च २०२१मध्ये तिसरं पर्व. पडका वाडा, अण्णा आणि शेवंता आता भुतं झालेले. पहिले काही दिवस आम्ही उत्साहाने बसलो. मग करोनाच्या दुसऱ्या लाटेत चित्रीकरणं अडली, मालिका खंडली, परत आली. पुढे शेवंताच बदलली, अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर आली. नव्या मुलीने जीव ओतून काम केलं, तिला दोष देता यायचा नाही. पण माणूस बदललं की भूतही बदलतं. जिच्या जगण्यामरण्याची साक्ष आम्ही दीड वर्ष दिली, तिची सावली दुसऱ्याच चेहऱ्याची होती. त्याहून वाईट झालं ते अण्णांचं. दुसऱ्या पर्वात अण्णांची भीती वाटायची, कारण ते माणूस होते, कुणाच्याही घरात असू शकतील असे. तिसऱ्यात ते नुसतेच प्रकटायला लागले. माय एका रात्री म्हणाली, ‘हे काय करायलेत गं? मेलेल्याला परत परत मारायलेत.’ त्यानंतर तिने ती मालिका सोडली. मी शेवटपर्यंत पाहिली, पण तिला शेवट सांगितला नाही. तिने विचारलाही नाही.

शेवट दुःखाचा असला म्हणून आमची माणसं कधी रुसत नाहीत. सीता धरणीत गेली, कर्णाचं चाक रुतलं, ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. माणूस आपला स्वभाव सोडून वागायला लागतं, ते मात्र सोसत नाही. ‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती २३ डिसेंबर २०१९ला आली तेव्हा घराघरातली बाई होती. नवऱ्यापासून वेगळी होऊन, गाणं धरून, दुसरं लग्न करून ती उभी राहिली, तेव्हा आमच्या कॉलनीत बायकांची मान ताठ झाली होती. मग त्या दुसऱ्या नवऱ्याला, आशुतोषला, मारलं, मालिका साडेसातवरून दुपारी अडीचला गेली आणि ३० नोव्हेंबर २०२४ला संपली. शेवटच्या वर्षभरात अरुंधतीवर एकामागून एक संकटं आणून टाकली, त्यांतून तिचं म्हणून काही उमललं नाही. अरुंधती झालेल्या मधुराणी प्रभुलकरांनी ते शेवटपर्यंत निभावलं, म्हणून तर आणखी वाईट वाटलं.

याच वर्षांतला एक शेवट मात्र वेगळा गेला. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ २९ फेब्रुवारी २०२०ला संपली. शंभूराजे संगमेश्वरला पकडले गेले, पुढे काय होणार हे मराठी मुलखात शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. छळ किती दाखवायचा यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मायला बघवणार नाही म्हणून मी टीव्ही बंद करायला निघाले, तर तिने हात धरून बसवलं. शंभूराजे जसे पहिल्या भागापासून होते तसेच शेवटी राहिले. नमले नाहीत. कॉलनीत दुसऱ्या दिवशी कुणी ‘असं का केलं’ म्हटलं नाही. उलट चार जणींनी मिळून तुळापूर आणि वढूला जायचं ठरवलं. परीक्षा आटोपल्या की गाडी करायची, असं बोलणं झालं. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि ते राहिलं. माय आता ऐंशीच्या घरात आहे, गुडघे चालू देत नाहीत, तरी दर वर्षी फाल्गुन आला की विचारते, यंदा गाडी सांगायची का.