न्हाणीच्या पाण्यावरचं अंजीर

गंगापूर रोडवर एक जुना बंगला पाडत होते. जेसीबीने परसातलं झाड उपटून कडेला लोटलं होतं आणि मोडलेल्या फांद्यांतून चीक गळत होता. रिक्षा थांबली तसा वास आत आला. हिरवट, कडवट, मागून थोडा ओल्या खोबऱ्याचा. पान न बघताच कळलं, अंजीर. मग घरी पोहोचेपर्यंत आत्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं, म्हणजे द्राक्षाचं. घरात बोलणं बागेचंच: एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डाऊनी, मोरचूद, व्यापारी. अंजीर मात्र न्हाणीमागे, सगळ्यांच्या आंघोळीच्या पाण्यावर वाढलेलं. ते आत्याचं. तिचं सासर सासवडकडचं. नवरा गेल्यावर ती कायमची माहेरी आली, तेव्हा ट्रंकेसोबत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक बोटभर जाडीची फांदी होती.

मला राहून राहून दिसते ती उन्हाळ्याच्या तोंडावरची तिन्हीसांज. आत्या जुन्या लुगड्याच्या पिशव्या घेऊन झाडाखाली उभी. वटवाघळं यायच्या आत, मान टाकलेलं एकेक फळ ती पिशवीत बांधून टाकायची. अंजीर आंब्यासारखं अढीत पिकत नाही, झाडावरच पिकावं लागतं आणि पिकल्यावर जेमतेम एक-दोन दिवस टिकतं. म्हणून तिची घाई. चिकाने बोटांची बेचकी सोलून निघायची. रात्री ती खोबरेल चोळत बसायची आणि मी तिच्या हातांकडे बघत झोपायचे.

आत्याच्या सासरकडच्या पुरंदरात याच अंजिरावर गावंच्या गावं उभी आहेत. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, जाधववाडी. जातीचं नाव पुना अंजीर, आणि २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे थंडी एवढी पडत नाही की झाड आपणहून झोपी जाईल. त्याला पाणी तोडून, छाटून विश्रांती द्यावी लागते. पावसाच्या तोंडावर छाटून धरला तर खट्टा बहार, पाऊस सरताना धरला तर मीठा. आत्या मीठाच धरायची. पावसाळ्यात तांबेऱ्याने पानं गळून झाड उघडं पडायचं, तेव्हा आजोबा म्हणत, काढून टाका. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

शाळेच्या वाटेवर उंबर होता. फोडलं की केंबरं भिरभिरत बाहेर. अंजीरही त्याच कुळातलं, आत वळलेल्या फुलांचंच फळ, पण आत्याच्या अंजिरात कधी काही निघालं नाही. त्यामागची गोष्ट मोठी आहे. तुर्कस्तानच्या स्मिर्ना जातीला चिलटाएवढी गांधीलमाशी आत शिरल्याशिवाय फळ धरत नाही. कॅलिफोर्नियातल्या लोकांनी १८८०च्या दशकात ती झाडं नेऊन लावली, फळं कोवळीच गळत राहिली. १८९९मध्ये तिथे ती माशी रुजली तेव्हा कुठे अंजीर हाती लागलं. पुना अंजिराला माशीची गरज नाही. ते तसंच पिकतं, आणि दाताखाली कचकचणाऱ्या त्याच्या बिया पोकळ असतात. त्या रुजत नाहीत. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिलगाल इथे अशाच बिनरुजव्या जातीची जळून कोळसा झालेली अंजिरं सापडली, सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची. गहू-बार्लीची शेती स्थिरावण्याच्याही आधी कुणीतरी फांद्या तोडून लावत होतं, असा २००६मध्ये संशोधकांनी निष्कर्ष काढला.

म्हणजे हे झाड टिकतं ते कुणीतरी फांदी तोडून दुसऱ्या मातीत खोवतं तेवढ्यावर. आत्याला मूलबाळ नव्हतं. ती पावसाळ्यात गुट्या बांधायची, छाटणीच्या फांद्या राखून ठेवायची, आणि द्यायची फक्त बायकांना. लासलगाव, पिंपळगाव, ओझर, येवला, जिथे जिथे गावातल्या लेकी दिल्या होत्या तिथे तिथे. पुरुषाने मागितली तर म्हणायची, बायकोला पाठव.

आजोबा गेल्यावर तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. निफाडला नेलं, सही घेतली, येताना साडी घेतली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ती अट २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने गेली. पण मुलीचं नाव सातबाऱ्यावर चढवायचं आणि त्याच महिन्यात तिच्या सहीने उतरवायचं, हे सगळीकडे राजरोस चालतं आणि त्याला माया म्हणतात. जिने परक्या परसांत एवढी झाडं उभी केली, तिच्या नावावर एक वाफा नव्हता.

घरची न्हाणी पाडली, तेव्हा ते झाडही गेलं. आता मी तिच्या फांद्या कुठे कुठे जगल्या ते शोधत फिरते. झाड दाखवलं की मी मावशींना, वहिनींना विचारते, जमीन कुणाच्या नावावर आहे? बहुतेकजणी विषय बदलतात, अंजीर खायला देतात. पिंपळगावच्या एक मावशी मात्र उठून आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून उतारा घेऊन आल्या. वीस गुंठे. चष्मा लावून त्यांनी स्वतःचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग म्हणाल्या, तुझ्या आत्यानेच मला सही करू दिली नव्हती.