थेंब वाजला पाहिजे

पौषातील थंडी अंगाला जाणवू लागली की महाराष्ट्रातील घरांत गूळ, तीळ आणि शेंगदाणे यांची खरेदी सुरू होते. संक्रांतीला तिळाचे लाडू आणि गुळाची पोळी यांना मान असतो. चिक्की मात्र मानपानाची अपेक्षा न ठेवता डब्यात बसून राहते आणि सर्वांत आधी संपते. एके काळी ती घरोघरी होत असे. आता बहुतेक घरांत तिची पाकिटे विकत येतात. विकतची चिक्की वाईट असते असे नाही. ती एकसारखी कापलेली, नीटनेटकी आणि श्रम वाचविणारी असते. तथापि घरची चिक्की बंद झाली म्हणजे केवळ एक पदार्थ करण्याचे थांबते, की आणखी काही, याचा विचार करण्याजोगा आहे.

चिक्कीतील तीळ या भूमीला सहस्रावधी वर्षे परिचित आहे. शेंगदाणा मात्र मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो समुद्रमार्गे आपल्याकडे आला आणि इतका रुळला की आज चिक्की म्हटले की प्रथम शेंगदाण्याचीच आठवते. तिच्या कीर्तीत लोहमार्गाचाही वाटा आहे. बोरघाटातील रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीला जादा इंजिने जोडावयाची आणि चढ संपला की लोणावळ्याला सोडवावयाची, अशी रीत पडली. त्या थांब्यांवर प्रवाशांना कर्जतचा वडा आणि लोणावळ्याची चिक्की भेटली. न नासणारी, न सांडणारी, खिशात मावणारी ही वस्तू मुंबई-पुण्याच्या प्रवासाची खूणच होऊन बसली.

घरच्या चिक्कीचे प्रमाण अगदी सोपे आहे. पाव किलो शेंगदाणे, दोनशे ग्रॅम चिक्कीचा गूळ आणि चमचाभर साजूक तूप एवढ्यात मध्यम कुटुंबाची सोय होते. दाणे निवडून मंद आचेवर खमंग भाजावयाचे, गार झाल्यावर चोळून सुपात पाखडावयाचे आणि डाळी सुट्या करून घ्यावयाच्या. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून स्वच्छ वस्त्रातून गाळण्याचा प्रघात अनेक जैन घरांत आहे. गुळात अडकलेला एखादा कण किंवा जीव कढईत जाऊ नये, ही त्यामागील दृष्टी. त्यामुळे पाक होण्यास काही मिनिटे अधिक लागतात, इतकेच. काम दुपारीच हाती घेतले जाते, म्हणजे सूर्यास्तापूर्वी सारे आवरून होते.

येथवर कोणीही पुस्तकात वाचून करू शकेल. खरी परीक्षा पाकाची. गूळ उकळू लागला की त्यातील पाणी उडत जाते आणि उष्णतामान चढत जाते. ते सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की पाकात पाणी नाममात्र उरते आणि असा पाक गार होताच काचेसारखा कडक होतो. त्याआधी उतरवला तर चिक्की चिवट होऊन दातांना चिकटते. नंतर उतरवला तर गूळ करपून कडवटपणा येतो. या दोहोंमधील अवकाश जेमतेम अर्ध्या मिनिटाचा असतो. तो ओळखण्यासाठी जुन्या बायका पाकाचा थेंब थंड पाण्याच्या वाटीत टाकीत, गार झाला की बाहेर काढून कोरड्या वाटीत सोडीत आणि कान देऊन ऐकत. थेंब टणकन वाजला पाहिजे.

पुण्यातील एका घरात ऐंशी ओलांडलेल्या आजी गेली कित्येक वर्षे याच आवाजावर चिक्की करवून घेतात. त्यांना स्वतःला ती खाता येत नाही, कारण दात राहिले नाहीत. दृष्टीही मंदावली आहे. संक्रांतीच्या आधी ओट्याजवळ त्यांची खुर्ची मांडली जाते, सूनबाई कढईशी उभ्या राहतात आणि आजी निर्णय देतात. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या नातीने एका वर्षी पाकासाठीचा तापमापक आणला. त्याने १५० दाखविताच ती म्हणाली, "आई, गॅस बंद कर." आजी म्हणाल्या, "थांब गं, थेंब अजून बसका बोलतोय." सूनबाईंनी सासूबाईंचे ऐकले. आणखी थोड्या वेळाने थेंब वाजला आणि चिक्की खुसखुशीत झाली. नंतर नातीने शोध घेतला तेव्हा उलगडले, की पाक थोडा असल्याने तापमापकाचे टोक कढईच्या तळाला टेकले होते आणि तो पाकाचे नव्हे, तापलेल्या लोखंडाचे माप सांगत होता. तिने तापमापक टाकून दिला नाही. पुढच्या वेळी टोक वर धरून तिने आकडा आणि आवाज दोन्ही वहीत शेजारी शेजारी नोंदविले.

अलीकडे आजींना ऐकूही कमी येऊ लागले आहे. यंदा थेंब वाटीत पडला तेव्हा त्यांनी नातीकडे वळून विचारले, "वाजला का?" पाक उकळत होता, विचाराला सवड नव्हती. आई गप्प राहिली. मुलीने दुसरा थेंब टाकला, कान लावला आणि म्हणाली, "वाजला, आजी. उतरवू या." त्या क्षणी त्या घरातील एक अधिकार एका पिढीवरून दुसरीकडे गेला, आणि तो देणारीच्या देखत गेला. पाकिटे विकत आणणाऱ्या घरात ही देवघेव घडण्याचे कारणच उरत नाही.

पाक उतरल्यावर मात्र साऱ्या घराचे हात लागतात. एकाने दाणे घालून भराभर ढवळावयाचे, दुसऱ्याने तूप लावलेल्या पालथ्या ताटावर मिश्रण ओतावयाचे, तिसऱ्याने तूप लावलेले लाटणे फिरवावयाचे आणि गरम असतानाच सुरीने रेषा आखावयाच्या. दोन मिनिटांचा उशीर झाला की वड्यांऐवजी तुकडे पडतात. कडेचे वाकडेतिकडे तुकडे मुलांचे, हा अलिखित करार असतो.

पूर्ण गार झालेली चिक्की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण ती हवेतील ओलावा शोषते आणि मऊ पडते. श्वेतांबर परंपरेत मिठाईचा काळ हिवाळ्यात तीस, उन्हाळ्यात वीस आणि पावसाळ्यात पंधरा दिवस मानला जातो, तर फाल्गुन चौमासीनंतर अनेक घरांत तीळ वर्ज्य होतात. तेव्हा तिळाची चिक्की करावयाची ती याच दिवसांत.

वर्षभराची बेगमी करण्याची आवश्यकता नाही. पाव किलो दाणे आणि एक दुपार पुरेशी आहे. मात्र त्या दुपारी घरातील ज्येष्ठांना आराम करण्यास न सांगता ओट्याजवळ बसवावे आणि पाकाचा निर्णय त्यांना विचारावा. डबा भरताना दोन वड्या खलबत्त्यात बारीक कुटून त्यांच्यासाठी वेगळ्या वाटीत काढून ठेवाव्यात.