ड्यूटीचा वास

दोन मिलीची काचेची नळी आगपेटीत मावते. पॅरिस, न्यूयॉर्क इथल्या छोट्या अत्तरघरांचा माल मोठ्या बाटलीतून अशा नळ्यांत भरून विकणारे लोक आता भारतातही आहेत, आणि कुरिअरवाला त्या भिलाईत, रिसालीतल्या आमच्या घरापर्यंत आणून देतो. नळीवर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बॉलपेननं लिहिलेलं नाव. आईला बरेच दिवस वाटत होतं की मी होमिओपॅथीची औषधं घेते आहे. मीही तिचा गैरसमज लगेच दूर केला नाही. औषधाची किंमत कुणी विचारत नाही.

ह्या अत्तरांना सध्या ‘निश’ म्हणतात. नटीच्या फोटोखाली मांडलेली नव्हेत, तर थोड्या लोकांसाठी केलेली, कधी मुद्दाम विचित्र केलेली. १९७६ साली ज्याँ लापोर्त यांनी ‘लार्तिझाँ पार्फ्यूमर’ काढलं, ते ह्या वाटेवरच्या सुरुवातीच्या घरांपैकी एक. मला ह्या वाटेवर आणलं ते मात्र फ्रेदेरिक माल यांनी २००० साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या अत्तरघरानं. ते स्वतःला अत्तरांचं प्रकाशन म्हणवतं आणि अत्तर ज्यानं रचलं त्याचं नाव बाटलीवर छापतं. एरवी अत्तर रचणारा माणूस पडद्याआडच राहत आला. पुस्तक हातात आल्यावर आपलं नाव मुखपृष्ठावर आहे की आतल्या पानावर, हे आधी पाहणाऱ्या माझ्यासारख्या अनुवादिकेला ह्या गोष्टीचा मोह पडणारच.

नमुने हुंगायचे माझे नियम हळूहळू ठरत गेले. कागदाच्या पट्टीवर निकाल द्यायचा नाही, कारण कागदाला घाम येत नाही. एका दिवशी दोनच, एकेका मनगटावर एक. तिसऱ्यापासून नाक काहीही सांगू लागतं. मध्ये कॉफीच्या बिया हुंगाव्यात असं म्हणतात, पण त्यापेक्षा स्वतःच्या कोपराची आतली, काही न लावलेली बाजू हुंगणं बरं. पहिली दहा मिनिटं मत बनवायचं नाही. ती संत्र्यालिंबाच्या सालीसारख्या झटकन उडून जाणाऱ्या द्रव्यांची असतात. मलपृष्ठावरच्या मजकुरावर ठेवतो तेवढाच त्यांच्यावर विश्वास ठेवावा. चार तासांनी जे उरतं ते खरं अत्तर. आणि प्रत्येक नमुना दोन ऋतूंत लावून बघायचा, कारण डिसेंबरात शालीत मुरून बसलेलं गोड अत्तर भिलाईच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना, गळ्याशी येतं.

सगळ्यांत उशिरा सुचलेला नियम असा की जे वाखाणावंसं वाटतं ते आणि जे विकत घ्यावं ते, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘एता लिब्र दोरांज’ ह्या घराचं ‘सेक्रेस्याँ मान्यिफिक’ नावाचं अत्तर आहे. आँत्वान ली यांनी २००६ साली केलेलं. रक्त, घाम, दूध ही त्याची कल्पना. लावल्यावर आधी ओला लोखंडी कठडा चाटल्यासारखं वाटतं, मग नासक्या दुधासारखं. चाळीस मिनिटांत मी हात धुतला आणि पुढचा आठवडाभर भेटेल त्याला त्याच्याबद्दल सांगत सुटले. ज्यांच्यावर लेख लिहावा पण ज्यांचा अनुवाद हाती घेऊ नये, अशी काही पुस्तकं असतात. हे त्यांतलं.

सर्ज ल्युतेन्स यांच्या ‘त्युबेरोज क्रिमिनेल’नं, म्हणजे ‘गुन्हेगार निशिगंधा’नं, मला जास्त दिवस झुलवलं. १९९९ सालचं ते अत्तर सुरुवातीला चक्क आयोडेक्ससारखं येतं. कारण सोपं आहे. आयोडेक्समधलं मिथाइल सॅलिसिलेट निशिगंधाच्या फुलातही असतं. इतर अत्तरं ते झाकतात, ह्यानं ते पुढे आणलं. लग्नमंडपातल्या हारांचा वास आणि आजीच्या गुडघ्यांचा वास एकाच फुलात होता, हे मला त्या नळीनं दाखवलं. तरीही घेतलं नाही. एकदा कळलं की त्याच्याकडे मला सांगायला दुसरं काही नव्हतं.

मग गेल्या वर्षी मार्चमध्ये ‘ले लाबो’चं ‘पचुली २४’ आलं. आनिक मेनार्दो यांनी रचलेलं. ह्या घराच्या अत्तरांच्या नावातला आकडा म्हणजे त्यातल्या घटकांची संख्या. नावात पचुली असली तरी नाकाला आधी भेटतं ते भूर्जाच्या सालीचं डांबर. आपल्याकडे ज्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच कुळातल्या झाडाची साल भट्टीत भाजून हे डांबर काढतात. रशियन चामड्याचा जुना वास त्याचाच. दुपारी दोन वाजता मी ते डाव्या मनगटावर लावलं. धूर, जळकं चामडं, तेलकट काळं काहीतरी, आणि त्याच्या तळाशी किंचित गोड. मी मनगट दूर केलं, पुन्हा जवळ आणलं. रात्रपाळी करून दारात उभे असलेले बाबा.

बाबा सत्तरच्या दशकात नागपूरहून इथं नोकरीला आले. सोव्हिएत मदतीनं उभ्या राहिलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली होती. बाबा कोकओव्हनला होते. कोळसा हवेविना हजार अंशांच्या वर भाजला की कोक उरतो, आणि तो झोतभट्टीत जातो. भाजताना निघालेल्या वायूतून डांबर, अमोनिया, बेंझॉल, नॅप्थलीन वेगळं काढतात. भूर्जाचं डांबर आणि कोळशाचं डांबर एक नव्हे, पण दोन्हींत फेनॉलच्या गोतावळ्यातली मंडळी असतात, आणि माझ्या नाकाला तेवढी ओळख पुरली.

खरं तर अत्तराचा आणि कोकओव्हनचा संबंध मी जोडलेला नाही, तो जुनाच आहे. विल्यम हेन्री पर्किन यांनी १८५६ मध्ये कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग तयार केला आणि १८६८ मध्ये कूमारिन प्रयोगशाळेत घडवलं. कूमारिन म्हणजे वाळल्या गवताचा गोडसर वास. १८८२ साली उबिगाँ ह्या घरानं ते ‘फुजेर रोयाल’मध्ये वापरलं, आणि आधुनिक अत्तराचा इतिहास बहुतेक लोक तिथून सांगायला लागतात. मोगऱ्याला मोगरा करणारं इंडोलही डांबरात सापडतं. बाबांना हे सांगायला हवं होतं असं वाटलं. त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

ते गेल्यावर आम्ही सगळं रीतसर केलं होतं. कपडे धुऊन, इस्त्री करून वाटून टाकले. चष्मा, घड्याळ, सायकल ठेवली. त्यांच्या वासाचं काही ठेवावं हे सुचलंच नाही, आणि सुचलं तेव्हा घरात तसं काही उरलेलं नव्हतं. म्हणून त्या दुपारी मी संगणकावर पन्नास मिलीच्या बाटलीची किंमत पाहिली. एका छोट्या कादंबरीच्या अनुवादाचं मला जे मानधन मिळतं, त्याच्या अर्ध्याहून जास्त. तरी मी घ्यायचं जवळजवळ ठरवलं. माझा एकही नियम मी पाळला नव्हता, पण नियम काय, अनोळखी अत्तरांसाठी असतात.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. मी मनगट पुढे केलं.

"आई, हे बघ बरं."

तिनं हुंगलं आणि मान मागे घेतली. "कोकओव्हन," ती म्हणाली. विचार करायला क्षणभरही लागला नाही तिला.

"बाबांचा वास ना?"

"छे. हा ड्यूटीचा वास आहे. तीस वर्षं हाच तर धूत होते मी." ताटातला एक खडा तिनं बाजूला टाकला. "त्यांचा वास हा गेल्यावर यायचा. आंघोळ करून कूलरपुढे बसले की. लाइफबॉय, खोबरेल आणि वाळा."

मी गप्प राहिले. मग तीच म्हणाली, "तुला कुठून माहीत असणार? ते यायचे आणि तू शाळेला निघायचीस. दारातच भेट व्हायची तुमची."

तसंच होतं. सकाळी सहाला पाळी सुटायची. बाबा सायकल लावत असायचे, मी दप्तर घेऊन बाहेर पडत असायचे. ते हात मागे धरायचे आणि म्हणायचे, "शिवू नको, युनिफॉर्म मळेल." तेवढ्या दोन मिनिटांत मला जे मिळालं, ते मी बाबांचा वास म्हणून जपलं होतं. आईकडे दुसरे बाबा होते, आंघोळ केलेले.

मी आईला सांगितलं नाही ते असं. त्या काळच्या लाल लाइफबॉयचा वास कार्बोलिकचा होता. कार्बोलिक आम्ल म्हणजेच फेनॉल, आणि ते फ्रीडलीब रुंगे यांनी १८३४ साली वेगळं काढलं ते कोळशाच्या डांबरातूनच. म्हणजे ज्यानं डांबर धुतलं जायचं, तोही डांबराचाच भाऊबंद. रसायनशास्त्राला विचारलं तर आईचे बाबा आणि माझे बाबा एकाच घराण्यातले. पण रसायनशास्त्राला विचारून चालत नाही, हे माझ्या धंद्यात रोज कळतं. हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत जशीच्या तशी उचलली तर शाळेचा तुरुंग होतो. अक्षर तेच, उच्चार तोच, फक्त घर वेगळं. हिंदीत ‘बास’ आली की लोक नाकाला रुमाल लावतात, मराठीत ‘वास’ कुणाचाही, कसाही असू शकतो. शिवाय सहवासातला वासही आपण त्याच अक्षरांनी लिहितो.

बाटली मी घेतली नाही. आई म्हणाली म्हणून नव्हे. तो वास माझ्यापुरता खरा होता आणि आहे. पण तो दारातल्या दोन मिनिटांचा वास. बाबांनी मला शिवू न देता जो अंगावरून उतरवायला घाई केली, तो मी दागिन्यासारखा दिवसभर मिरवायचा, हे मला पटेना. पन्नास मिली म्हणजे काही शे सकाळी. माझ्याकडे तेवढ्या सकाळी नव्हत्याच. काही अत्तरं दोन मिलीतच पूर्ण असतात. नळी मी ठेवली आहे. निम्मी भरलेली, गोदरेजच्या कपाटात, नॅप्थलीनच्या गोळ्यांशेजारी. तिथं ती परकी वाटत नाही.

घेतलं ते दुसरंच. आई वाळा म्हणाली, म्हणून एप्रिलमध्ये मी वाळ्याचे दोन नमुने मागवले. एक कनौजचं रुह खस. जंगली वाळ्याच्या मुळ्या तांब्याच्या देगेत उकळून काढलेलं, तांब्यामुळे हिरवट झालेलं. ते लावलं की कूलर चालू झाला असं वाटतं. ओली माती, ओलं गवत, टपटपणारं पाणी. हुबेहूब. पण हुबेहूब हवं असेल तर सुपेल्याच्या बाजारात वाळ्याची नवी ताटी मिळते, आणि ती खोलीही गार करते. दुसरं होतं फ्रेदेरिक माल यांच्या घराचं ‘वेतिव्हेर एक्स्त्राऑर्दिनेर’. दोमिनिक रोपियों यांनी २००२ साली रचलेलं, एकूण अत्तराचा चौथा हिस्सा वाळ्याचं तेल असलेलं. त्यात वाळा ओळखू येतो, पण तो आपल्या अंगणातला नाही. परक्या गावात आपली भाषा किंचित वेगळ्या हेलानं बोलणारं कुणी भेटावं, तसा. मी ते मेमध्ये लावलं, पावसाळ्यात लावलं, डिसेंबरात लावलं. जानेवारीत नळी उपडी केली तर रिकामी. ती कधी संपली ते मला कळलं नव्हतं. माझ्या मते विकत घेण्याची हीच एक खात्रीची खूण आहे. ज्याच्याबद्दल आपण कुणाशी बोललो नाही आणि जे संपून गेलं, ते घ्यावं.

छोटी बाटली आली तेव्हा आईनं ती उन्हात धरून पाहिली. मी तिच्या मनगटावर एक थेंब लावला. तिनं बराच वेळ हुंगलं.

"वाळाच आहे," ती म्हणाली. "पण कोरडा. कुणी पाणी नाही मारलं ह्याच्यावर."

मग तिनं किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तेवढ्यातही, ती म्हणाली, कूलरच्या ताट्यांचे दहा उन्हाळे निघाले असते.